पायाखालचा ओलावा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. चार दारांची, मागे भली मोठी डिकी असलेली. माझा रंग एके काळी फिकट निळा होता. आता उजवं दार निळं, डावं करडं आणि बॉनेट या दोन्हींच्या मधलं कसलंतरी आहे. कारखान्यातून बाहेर पडताना माझ्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडले होते. आत एक माणूस बसला होता. तो कोरडा बाहेर आला आणि त्याने माझ्या काचेवर खडूने बरोबरची खूण केली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आत बसलेला माणूस कोरडा राहावा, याहून गाडीला आणखी काय हवं असतं?

मी ज्यांच्या घरी आले, ते पुस्तकबांधणीचं काम करायचे. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांच्या जाड नोंदवह्या, कुणाच्या आजोबांच्या हातच्या वह्या, असं सगळं माझ्या डिकीतून त्यांच्या दुकानात जायचं आणि नवे पुठ्ठे लेवून परत यायचं. त्यांना मी मालक म्हणते. मालकांची बायको रुग्णालयात परिचारिका होती. तिथले सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. रोज सकाळी मालक त्यांना रुग्णालयाच्या फाटकाशी सोडायचे आणि मग दुकानाकडे वळायचे. पंचवीस मिनिटांचा रस्ता. त्या पंचवीस मिनिटांत त्यांचा संसार जेवढा माझ्या कानावर पडला, तेवढा घराच्या भिंतींनीही ऐकला नसेल.

माझं कौतुकही खूप झालं. सिस्टर उतरताना दार कधी आपटायच्या नाहीत. हाताने दाबून लावायच्या. मालक तर सुट्टीच्या दिवशी मला पुसताना शीळ घालायचे. त्यांची मुलगी माझ्या मागच्या सीटवर पाढे पाठ करत मोठी झाली, कॉलेजात गेली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी राहायला गेली. अशी पंधरा वर्षं गेली. माझ्या अंगातलं रबर कडक होऊ लागलं होतं. वय कुणाला चुकलं आहे?

पहिल्यांदा गळली ती माझी डिकी. एका ग्रंथालयाचा गठ्ठा खालून ओला निघाला. त्याच दुपारी मालक दुकान बंद करून घरी आले. डिकी रिकामी केली, स्टेपनी काढली. चाकाच्या खोलगट जागेत तांब्याभर पाणी साचलं होतं.

"अगं, जरा आत बसशील? मी बाहेरून पाणी मारतो, तू कुठून येतंय ते बघ."

सिस्टर नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्यांनी मागची सीट पाडली आणि टॉर्च घेऊन त्या डिकीत सरकल्या. पन्नाशीची बाई, गुडघे पोटाशी घेऊन माझ्या पोटात बसलेली. मालकांनी नळी आधी खाली धरली, मग हळूहळू वर नेली.

"आलं," आतून आवाज आला. "उजव्या दिव्याच्या मागून. बारीक धार आहे."

दिव्यामागचं रबर चिरलेलं होतं. मालकांनी दिवा काढला, नवं रबर बसवलं, पुन्हा पाणी मारून पाहिलं. डिकी खडखडीत कोरडी. सिस्टर केसांना लागलेली जळमटं काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमची पुस्तकं वाचली बाई एकदाची." दोघंही हसले. मित्रांनो, हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे. मालकांना गळती शोधता येत नव्हती असं नव्हे. चांगली येत होती.

त्यानंतर वर्षभराने पुढची गळती सुरू झाली. ती नेमकी सिस्टरांच्या पायाशी. पाऊस पडला की त्यांच्या समोरच्या खणाखालून पाणी ठिबकायचं आणि पायाखालच्या गालिच्यात मुरायचं. वरून काही दिसायचं नाही. पाय टेकवला की मात्र पचकन वाजायचं.

"अहो, इथे ओलं लागतंय."

"हो का? बघू रविवारी."

तो रविवार कामात गेला. पुढच्या रविवारी पाऊस नव्हता, मग आठवण कुणाला राहणार? दोन आठवड्यांनी सिस्टर पुन्हा म्हणाल्या, तेव्हा मालक म्हणाले, "मेस्त्रींकडे टाकतोच आहे गाडी, सांगतो त्यांना." त्यांनी सांगितलंही, पण निघता निघता, किल्ली हातात देताना. मेस्त्रींनी घाईत माझ्या पुढच्या काचेच्या कडेने काळा डिंक फिरवला. पाणी काचेतून येतच नव्हतं. ते थांबणार कसं?

"अजून येतंय हो थोडं."

"मेस्त्रींनी केलंय ना काम? आधीचंच मुरलेलं असेल. वाळेल."

त्यानंतर सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्या घरून जुनं वर्तमानपत्र आणू लागल्या. रबरी मॅट उचलायची, खाली कागद पसरायचा, मॅट परत ठेवायची. पिशवीत मोज्यांचा एक जादा जोड असायचा. रुग्णालयाच्या फाटकाशी उतरण्याआधी त्या ओले मोजे काढून कोरडे घालायच्या. मालक तेवढ्यात समोर बघत म्हणायचे, "आटप गं, मागे गाडी उभी आहे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला माहीत आहे, त्यांचा सिस्टरांवर फार जीव होता. पण ज्या दिवशी पाऊस असेल, त्या दिवशी पुस्तकांचा एखादा जास्तीचा गठ्ठा पुढे ठेवायचा झाला, तर ते म्हणायचे, "मांडीवर घे, खाली ओलं आहे." खाली ओलं आहे हे त्यांना ठाऊक होतं, मित्रांनो. मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच बोलले असते.

एका मंगळवारी सिस्टरांना मी फाटकाशी सोडलं, ते शेवटचं. दुपारी वॉर्डात काम करता करताच त्या खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. पायांचा, ओलाव्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मालकांनी हे डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. मी तर बाहेर उभी होते, पण परतताना मला चालवत ते स्वतःशीच तेवढं पुटपुटत होते, "काही संबंध नाही म्हणाले. काही संबंध नाही."

मुलगी आली, ती पंधरा दिवस राहिली. एका सकाळी मालकांनी माझं दार उघडलं, शेजारच्या सीटपुढे हात घातला आणि मॅट ओढून बाहेर काढली. खाली वर्तमानपत्रांचा एक थर होता, फुगलेला, एकमेकांना चिकटलेला. नवा कागद घालताना सिस्टर जुना दरवेळी काढत नसत. कधी घाई असायची. मालकांनी तो थर तसाच उचलून घरात नेला नाही. तिथेच, माझ्या दाराशी जमिनीवर बसले आणि खिशातून कागद दुमडायची हाडाची पट्टी काढली. भिजून चिकटलेली पानं न फाडता सोडवणं हा त्यांचा धंदा होता. एकेक कागद ते अलगद सुटा करत होते आणि कोपऱ्यातली तारीख वाचत होते. सर्वांत खालच्या कागदावरची तारीख वाचून त्यांचा हात थांबला.

"अडीच वर्षं," ते म्हणाले. "मला वाटलं, याच वर्षीचं आहे."

मुलगी मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "मला आईने फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबांच्या मागे लाग ना. तर म्हणाली, त्यांना आधीच कामं कमी आहेत का."

मालकांनी पट्टी खिशात ठेवली. मग ते म्हणाले, "नळी आण."

"बाबा, राहू द्या ना. आता कोण बसणार आहे तिथे?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय. गळतंय."

त्यांनी माझी सीट सोडवली. गालिचा काढला, त्याखालचा पाणी शोषणारा जाड नमदा काढला. तो पिळला तर बादली भरली. दोन दिवस मला उन्हात दारं उघडी टाकून वाळवलं. मग मालकांनी माझ्या उघड्या पत्र्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली, म्हणजे पाण्याचा थेंब कुठून ओघळला ते रेषेवरून कळेल. मुलगी टॉर्च घेऊन आत बसली. मालकांनी नळी आधी चाकाजवळ धरली. काही नाही. मग दाराच्या खालच्या कडेला, मग वरच्या. काही नाही. ते प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून थांबत होते, अजिबात घाई करत नव्हते. शेवटी त्यांनी वायपरच्या मुळाशी असलेल्या जाळीवर पाणी सोडलं.

"आलं," मुलगी म्हणाली. "पंख्याच्या बाजूने येतंय. बाबा, खूप येतंय."

इथेच घोडं पेंड खात होतं. मालकांनी जाळी काढली. तिच्याखाली माझ्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायला एकेक भोक असतं. सिस्टरांच्या बाजूचं भोक पानांनी आणि मातीने पार बुजलं होतं. पाणी साचायचं, वर चढायचं आणि माझ्यात हवा खेचणाऱ्या पंख्याच्या वाटेने आत उतरायचं. मालकांनी तीच हाडाची पट्टी आत घातली आणि काळा चिखल उकरून काढला. मूठभर होता. तो निघताच साचलेलं सगळं पाणी खळकन माझ्या चाकामागून जमिनीवर पडलं.

मालकांनी घड्याळ बघितलं. कशाला बघितलं, असं मला झालं.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. चिखल अजून त्यांच्या तळहातावर होता. "दहा मिनिटांचं काम होतं गं."

मग ते माझ्या उंबऱ्यावर, जिथे सिस्टर पाय ठेवून आत यायच्या, तिथे बसले आणि रडले. मुलीने नळ बंद केला. मग ती त्यांच्या बाजूला बसून राहिली.

अडीच वर्षांत माझा तिथला पत्राही गंजून गेला होता. मेस्त्रींनी तुकडा कापून नवा पत्रा जोडला, रंग मारला. "आधी आणली असती तर एवढं कापावं लागलं नसतं," ते म्हणाले. मालक फक्त "हो" म्हणाले.

मुलगी परत निघाली त्या सकाळी पाऊस होता. ती पुढे, शेजारच्या जागेवर बसली होती. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मालक वाकले आणि त्यांनी तिच्या पायाशी गालिच्यावर तळहात टेकवून पाहिला. दुसऱ्या सिग्नललाही.

"कोरडं आहे, बाबा."

"हो," ते म्हणाले. तिसऱ्या सिग्नलला ते पुन्हा वाकले. तिने पाय थोडे बाजूला घेतले, त्यांचा हात नीट पोचावा म्हणून.

आता ती जागा रिकामीच असते. पाऊस पडला की मालक अजूनही हात लावून बघतात. आतून मी अगदी कोरडी आहे, आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नाही.

मित्रांनो, गाडीची पानं काढा, भोकं साफ ठेवा, रबर वेळेवर बदला, हे तर सांगतेच. पण तुमच्या घरात कुणी एकदा, दोनदा काही सांगितलं आणि मग ते सांगायचं थांबलं, तर त्रास संपला असं समजू नका. उद्यावर टाकू नका. उठा, त्यांच्याजवळ जा, आणि ते समोर बसलेले असतानाच खाली वाकून हात लावून बघा.