गेणबाच्या तळव्याची उंची

दयानंदने टेपचं एक टोक बुटाखाली दाबलं आणि दुसरं गेणबाच्या तळव्यापर्यंत नेलं. रविवारी पंख धरता तसाच हात धरा, असं सांगितल्यावर गेणबाने कोपर वाकवून हवेतच पंख धरला. सत्त्याण्णव सेंटिमीटर. कशासाठी, ते सांगायचं टाळत दयानंद ‘सदऱ्याचं माप’ एवढंच पुटपुटला.

कोळवणच्या माळावर, गेणबाच्याच जमिनीत बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दयानंदचं दोन आसनी, छोट्या इंजिनाचं ग्लायडर सुटं करून ठेवलेलं असायचं. दर रविवारी दोघं मिळून ते जोडायचे. पंखाचं आतलं टोक दयानंद खाचेत बसवायचा, बाहेरचं गेणबा पेलायचा. ‘वाईच वर’, ‘खाली’ म्हणता म्हणता पंख पक्का करणारा खिळा आत जायचा. मग उडायच्या वेळी पंख कलू नये म्हणून गेणबा त्याचं टोक धरून वीस-पंचवीस पावलं पळायचा. अकरा वर्षं असंच चाललं होतं. गेल्या रविवारी मात्र त्याचा गुडघा निसटला. पडता पडताही त्याने पंख जमिनीला लागू दिला नाही, आणि गवतावर घसरलो म्हणाला. दयानंदने पटल्यासारखं दाखवलं.

घरी येऊन तो एकट्याने ग्लायडर जोडायची साधनं शोधायला बसला. पंखाचं टोक टेकवायला साधी तिवई माळावरच्या वाऱ्यात टिकली नसती. रिमोटवर चालणारा परदेशी गाडा शोभेला छान, पण बिघडला तर इथे कोण दुरुस्त करणार? शेवटी चाकांचा, जॅकचा गाडा उरवड्याच्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यायचं ठरलं, आणि उडताना कुणी पळायला नको म्हणून पंखांखाली लावायची छोटी चाकंही. वर्कशॉपवाल्याने पंखाची उंची विचारली. जन्मभर इंजिनिअर म्हणून मिरवलेल्या दयानंदने ती कधी मोजलीच नव्हती. पंख गेणबाच्या हाताएवढ्या उंचीवर असायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"सदऱ्याचं माप जमिनीपासनं घेत न्हाईत, सायेब," टेपकडे बघत गेणबा म्हणाला.

मग दयानंदने एका दमात सगळं सांगून टाकलं. गुडघ्याबद्दल जुळवून आणलेलं वाक्य तेवढं त्याने गाळलं. गेणबा शेडच्या पायरीवर पाय लांब करून बसला. जॅक तेलाचा का फिरवायच्या आट्यांचा, ते त्याने विचारलं. चाकं रुंद घ्या, बारीक चाकं हितल्या मातीत रुततात, असंही बजावलं. तो चिडला असता तर दयानंदला सोपं गेलं असतं.

"म्हंजी माजं काम सपलं."

"तसं नाही, गेणबा."

"तसंच हाय. वाईट न्हाई वाटलं." तो गुडघा चोळत राहिला. "टोक धरनाऱ्याला आत बसता येत न्हाई. आता मोकळा झालो. मागं बसू का एकदा?"

मागच्या खुर्चीत आजवर दयानंदचे ऑफिसमधले लोक बसले, जावई बसला, जावयाचे मित्रही बसले. त्या सगळ्यांसाठी पळून गेणबा माळावर वर बघत उभा राहायचा. त्याला कधी विचारलं नाही, याची दयानंदला मनापासून लाज वाटली. ती कशी सांगावी हे न कळून, बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा तोच प्रश्न त्याने विचारला.

"वजन किती तुमचं?"

"बासट," गेणबा म्हणाला. "सोमवारीच, घसरलो त्याच्या दुसऱ्या दिशी, गिरणीतल्या काट्यावर करून आलो."