वाडा सुना टाकायचा नसतो

"तो खुंटा असा न्हाई ठोकायचा, मॅडम. वाऱ्याचं तोंड बघावं लागतंय आधी," असं म्हणत येडबानं निकिताच्या हातातला हातोडा बाजूला ठेवला आणि एका दगडानंच खुंटा तिरपा आत घातला. लगेच तंबू असा ताठ उभा राहिला, जणू कवायतीतला मॉनिटर!

"मामा, तुम्ही ग्रेट आहात हां!" निकिता म्हणाली.

येडबा मिशीतल्या मिशीत हसला. परभणी सोडून नववा दिवस होता. चार जीपगाड्या, अकरा शहरी माणसं आणि त्यांच्यात झरीच्या शिवारातला येडबा धनगर! मेंढरांमागं पायी कुठं कुठं हिंडला असेल, पण गाडीत बसून पूर्णेच्या पुढं कधी गेला नव्हता. आणि आता थेट नेपाळ. समोर बर्फाचे डोंगर, दुधात बुडवून काढल्यासारखे.

ओळख तरी कितीशी जुनी? कॅनॉलचं पाणी सुटलेल्या रानात पंडित सरांची जीप रुतली होती. सर म्हणजे परभणीत क्लास चालवणारा आणि सुट्टीत लोकांना घेऊन देशोदेशी फिरणारा माणूस. येडबानं भावकीतली पोरं बोलावून गाडी ढकलून काढली, पालापुढं घोंगडी अंथरून त्यांना बसवलं. त्याच्या बायकोनं, कासाबाईनं, भाकर-ठेचा दिला. खाताखाता सर पालाकडं, मेंढरांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मामा, आम्ही हौसेनं करतो ते कॅम्पिंग तुम्ही रोज करता की हो! चला आमच्यासोबत नेपाळला. तिथं डोंगरात तुमच्यासारखेच मेंढपाळ आहेत. दाखवतो."

"वळखीचा ना पाळखीचा, अन् निघाले परदेशाला," कासाबाई कुरकुरली. पण दुसऱ्याच दिवशी ती लोकर घेऊन कातायला बसली. दुसऱ्या धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांची रीत. दोन महिने सूत कातलं, सणगराकडून घोंगडी विणून आणली, घडी घालून काळ्या सुतानं तिपेडी गाठ मारली. "तिथल्या धनगराच्या अंगावर टाका. म्हनावं, झरीच्या कासाबाईनं दिली."

नववीतल्या लेकीनं, दीपिकानं तर वर्गात डंकाच पिटला होता, "माझे आबा फॉरेनला चाललेत!"

ती घोंगडी द्यायचा दिवस आज उजाडला होता. वरच्या कुरणात मेंढरं होती, तीन तासांची चढण. येडबानं पटका नव्यानं बांधला, घोंगडीची पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्यांच्या आधी वाटेवर जाऊन उभा राहिला.

"अरे मामा, तुम्ही कुठं?" पंडित सर म्हणाले.

"मेंढरं बघायला न्हाई का?"

"हो, पण इथं तंबू, गाड्या, सगळ्यांचं सामान... कुणीतरी पाहिजे ना. पहिल्या दिवसापासून तुम्हीच राखताय, म्हणून तर आम्ही निर्धास्त."

"सर, मामांना जाऊ द्या. मी थांबते," निकिता म्हणाली.

"तू कशाला? तू ट्रिपला आलीयस."

"आणि मामा?"

"मामांनी जन्मभर मेंढ्याच तर पाहिल्यात!"

सगळे खो खो हसले. निकिता तेवढी हसली नाही, पण तिनं बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली ती घातलीच.

येडबानं पिशवीचा बंद खांद्यावर सावरला. पहिल्या मुक्कामापासून तो सगळ्यांच्या आधी उठून चहा ठेवत होता, गाड्यांपाशी बाहेरच निजत होता. कुणी सांगितलं नव्हतं. हा आपलाच वाडा, असं त्यानं धरून टाकलं होतं, आणि आपल्या वाड्यावर कुणी पाहुण्यासारखं बसतं का? त्या अकरा जणांनी त्याला काय धरलं होतं, ते त्याला आत्ता कळलं.

निघून जावं, असं एकदा मनात आलं. पण बाप सांगून गेला होता, काही झालं तरी वाडा सुना टाकायचा नसतो. उघड्या मुक्कामाला पाठ दाखवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"जावा तुमी," तो म्हणाला. "मी हाय."

दुपारी समोरच्या उतारावर पांढरे ठिपके सरकताना दिसले. कळप कसा वळतोय, त्यावरून कुत्रं डाव्या अंगाला आहे, हेही त्यानं ओळखलं. उभं राहून त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. एवढ्या लांब कुणाला ऐकू जाणार!

परत आल्या आल्या सरांनी मोबाइल पुढं धरला. "बघा मामा, अगदी तुमच्यासारखाच आहे की नाही?" काचेत एक म्हातारा मेंढपाळ हसत होता. त्याच्या खांद्यावरचं कांबळं पार विरलं होतं. येडबा बघतच राहिला.

"बरं, आज जेवायला काय करताय?" सरांनी विचारलं.

आठ दिवसांनी तो झरीच्या शिवारात पोचला, तेव्हा पालापुढं दीपिकाच्या मैत्रिणींचा थवाच बसला होता.

"आबा, दिली का घोंगडी? काय म्हनला त्यो?"

येडबानं एकदा पोरीच्या तोंडाकडं बघितलं. "दिली की. त्याची पार विरली व्हती. लगीच अंगावर घेतली अन् हसला."

"कोनत्या भाषेत बोललाव?"

"धनगराला भाषा कशाला लागतीय, येडे! मेंढराला कोनती लागतीय?"

पोरी खिदळल्या. कासाबाईनं मळके कपडे काढायला पिशवीत हात घातला. तळाशी तिच्या बोटांना तिचीच तिपेडी गाठ लागली, जशी मारली होती तशीच.

तिनं हात बाहेर घेतला. पिशवीची चेन लावली. "दीपे, बापाला आधी पानी दे की!" म्हणत पिशवी ओढत पालात नेली आणि वाकळांच्या खाली सारून तिच्यावर बसली.

बाहेर येडबा रंगात येऊन सांगत होता, "अन् निघताना त्यो म्हनला, वहिनीला सांगा, लय ऊब हाय."

"हां," कासाबाईनं आतूनच मोठ्यानं हुंकार भरला.