गुरुवारी मी डोंगरावर असते

तुमच्या पोटात काय चाललंय ते मला दिसतं, पण सांगायचा मान डॉक्टरांचा. मी सोनोग्राफीची मशीन. अंगानं जाड, चाकांवर उभी, नजर मात्र तीक्ष्ण. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एका खोलीत सुखानं राहीन. कसलं काय! सरकारी दवाखाने दोन आणि मी एकटी.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात माझ्या दाराशी सकाळपासून रांग. गुरुवारी मात्र मला गाडीत घालून डोंगरावरच्या लहान दवाखान्यात न्यायचे. तिथे माणसं मोजकीच. त्यात एक पोटुशी सून आली, सासूचा हात धरून. बाळ आडवं होतं. तसंच राहिलं तर बाळंतपणाला शहर गाठावं लागणार, म्हणून तिला पुन्हा तपासायचं ठरलं.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा गुरुवार बंद केला. मूठभर लोकांसाठी मी दिवसभर वर, इथे रांग खोळंबलेली. त्यापेक्षा गाडी पाठवून तिकडचे पेशंटच खाली आणू, म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. रांगेची बोलणी त्याच खात होत्या.

गाडी आली ती खच्चून भरून. पोट दुखणारा एक, सोबत मेहुणा आणि दोन काकू. काकूंना चपला घ्यायच्या होत्या. सून कुठेच दिसेना.

"ती हळूहळू येईपर्यंत गाडी भरली, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "सासूच म्हणाली, तुम्ही व्हा पुढे."

 दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मला घेऊन स्वतःच निघाल्या. रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याला त्यांनी उद्या यायला सांगितलं.

"माझा मुतखडा थांबेल का उद्यापर्यंत?"

"तो थांबेल. तिचं बाळ नाही थांबणार."

त्यानं डोकं खाजवलं. "मग जा. पण उद्या पहिला नंबर माझा."

वर पोहोचून पाहिलं, तर बाळाचं डोकं व्यवस्थित खाली. सासू हसायलाच लागली. "शहाणं लेकरू, आपलं आपणच वळलं. तुम्ही उगाच आलात की हो."

"वळलंय, हे बघायलाच आलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सून पहिल्यांदाच हसली. आता बाळंतपणाला तिला शहरात जावं लागणार नव्हतं.

माझा गुरुवार मला परत मिळाला. रांगेवर अन्याय नको म्हणून शहरात रविवारच्या सकाळची पाळीही मिळाली, न मागता. चाकं कुरकुरतात, पण माझी तक्रार नाही. फक्त साहेबलोकांच्या कानावर घाला, मला एक जाऊ आणा. वाटणीवरून मी भांडणार नाही. शहर तिला द्या. डोंगर मी सांभाळीन.