तंगुसाचे दोन वेढे

बिरवाडीच्या हर्षदला पोहता येत नव्हतं, आणि समुद्राची हौस तर त्याहून नव्हती. तरी रविवारी पहाटे तो बाणकोटच्या खाडीत धोंडू तांडेलच्या बोटीत चढला. का? तर विनीतने बोलावलं होतं. विनीतला नाही म्हणायची छाती हर्षदला सात वर्षांत एकदाही झाली नव्हती, ती त्या दिवशी कुठून होणार?

विनीत, हर्षद आणि उमरठचा ओम, तिघे महाडच्या आयटीआयला एका बाकावर बसलेले. पुढे तिघे एकाच केमिकलच्या कंपनीत लागले. विनीत थेट टाइम ऑफिसात बसला, कारण त्याच्या मामाचा हात वरपर्यंत पोचत होता. हे दोघे मात्र ठेकेदाराच्या मस्टरवर. सात वर्षं एकाच प्लांटवर, एकाच डब्यातली भाजी खात. आणि आता कुठे कंपनी ठेक्यावरच्यांना पर्मनंट करणार होती.

"जागा एकच हाय हां," बोट खाडीतून बाहेर पडता पडता विनीत म्हणाला. "आणि नाव तुमच्या दोघांतलंच हाय. मला ठाऊक हाय कोणाचं. पण सांगणार नाय. संध्याकाळी मासे भाजताना सांगीन."

"आता सांग ना रे," हर्षद म्हणाला.

"छ्या! मग मजा काय राह्यली? असं करूया, ज्याचा मासा मोठा, त्याची नोकरी पक्की!" आणि मांडीवर थाप मारून तो हसला.

ओमही हसला. हर्षदही हसला, पण दात दाखवण्यापुरतं. विनीत तसा वाईट नव्हता हो, गंमत्या होता. पण गंमत्या माणसाच्या मुठीत दुसऱ्याचं पोट आलं की देवच राखो.

हर्षदच्या डोक्यात वरंधचे मालोजी घुमत होते. त्यांची अक्षदा याला पसंत, हा तिला पसंत, पत्रिका जुळलेली. पण मालोजींनी चहाचा कप खाली ठेवून स्वच्छ सांगितलं होतं, "पर्मनंटचं पत्र दाखवा, त्याच दिवशी सुपारी फोडू. ठेक्यावरच्याला मुलगी द्यायला ती मला जड झालेली नाय." दिवाळीपर्यंतची मुदत होती, ती उलटून आता महिना झाला होता. तिच्यासाठी मुंबईचं एक स्थळ येऊन गेल्याचंही कानावर आलं होतं. ओमचं काय, त्याचं लग्न झालेलं, घरात श्रुतिका, दोन वर्षांची पोर. त्याला काय घाई आहे, असं हर्षद स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगायचा. दहाही वेळा त्याला माहीत असायचं की हे खोटं आहे.

दोन तास बोट चालली. मग धोंडू तांडेलने इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. "हितं खाली खडप हाय," तो म्हणाला. "पाण्यातला डोंगर समजा. कपारीत गोबरा मासा बसतो. दहा दहा किलोचा."

इंजिन थांबलं आणि बोट डुलायला लागली, तसा ओम उठला आणि पलीकडच्या कडेला ओणवा होऊन भडाभडा ओकायला लागला. नेमकं तेव्हाच तांडेलने उरलेल्या दोघांच्या हातात तंगूस दिला. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, सुतळीपेक्षा बारीक, पण म्हैस बांधली तरी तुटायची नाही.

"एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "तंगूस मुठीत धरायचा. बोटाला वेढा घ्यायचा नाय. गोबऱ्यानं कपारीकडं झेप घेतली तर बोट राहाणार नाय. नदीवालं येतात ना, त्यांना ही खोड असते."

हर्षदने गुपचूप बोटाचे वेढे सोडले. सावित्रीच्या डोहात गळ टाकणारा कोणीही दोन वेढे घेतोच, नाहीतर मासा आमिषाला तोंड लावतो ते कळतच नाही. पण तिथे मासा केवढा, तर पावशेर, अर्धा किलो.

ओम तोंड धुऊन परत आला. त्याने आपला तंगूस घेतला, गळ पाण्यात सोडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना सराईतपणे दोन वेढे दिले. वडिलांनी शिकवलं तसेच. तांडेल तेव्हा इंजिनाशी वाकून काहीतरी पुसत होता. विनीत मोबाइलवर स्वतःचं तोंड टिपत होता. पाहिलं ते एकट्या हर्षदने.

एवढंच म्हणायचं होतं, "ओम्या, वेढा सोड रे." शब्द अगदी ओठांवर आले. पण आतून कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, कशाला दिसतोय एवढा मोठा मासा? आणि त्याच वेळी त्याला आठवला मेडिकलचा डॉक्टर. पर्मनंट करायच्या आधी तो हात तपासतो, बोटं मिटायला लावतो. गेल्या साली एकाला अंगठा नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. हर्षदने तो विचार झटकला. झटकला म्हणजे काय, बाजूला ठेवला. शब्द काही तोंडातून बाहेर आले नाहीत.

तासभर बारकीसारकी मासळी लागत राहिली. हर्षद बसून आमिषासाठी माकूल मासा कापत होता. सुरी चांगली धारेची होती.

आणि एकदम ओमचा हात खांद्यापासून खाली ओढला गेला. तो गुडघ्यांवर आपटला.

"लागला! लागला रे!" विनीत नाचायला लागला. "सोडू नको ओम्या, पर्मनंट लागलाय गळाला!"

ओम आधी हसत होता. मग त्याचा चेहरा बदलला. तंगूस कडेवर करकरत होता आणि त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. "हर्षद," तो म्हणाला, "काप रे. दोरी काप. बोटात रुतलीय."

हर्षद त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. सुरी हातातच होती. एक पाऊल पुढे, एक फटका, संपलं असतं.

"काप ना रे! आई गं! हर्षद!"

सुंठीवाचून खोकला जातोय. हर्षदच्या डोक्यात हे शब्द आले, अगदी स्पष्ट, कोणी कानात सांगावेत तसे. त्याने सुरी उचलली, आणि तो तसाच उभा राहिला. किती वेळ? चार श्वास असेल, पाच असेल. माणसाच्या आयुष्यात चार श्वास म्हणजे काय मोठं? पण ते ज्याचे तो जाणे.

धोंडू तांडेल मागून उड्या टाकत आला, त्याने हर्षदच्या हातातली सुरी हिसकावली आणि तंगूस तोडला. ओम मागे पडला. एक बोट सांध्यापासून लोंबत होतं, दुसऱ्याचं हाड दिसत होतं. "हातात सुरी घेऊन काय पूजा करत होतास रे?" तांडेल ओरडला. विनीत कडेला वाकून ओकत होता.

महाडच्या दवाखान्यात दुपारी दोन्ही बोटं काढली. विनीत व्हरांड्यातल्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडत होता. हर्षद शेजारी बसला तशी त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"काल सकाळीच यादी माझ्याकडे आली रे," तो हुंदका देत म्हणाला. "मी थट्टा करत होतो. दोन जागा होत्या. हे बघ, तुझं पण नाव हाय, त्याचं पण हाय. तुम्हा दोघांचीच तर पार्टी होती ही."

हर्षदने कागद पाहिला. आधी ओमचं नाव, त्याच्याखाली त्याचं. साहेबाची सही. शनिवारची तारीख. त्याने कागद दोनदा वाचला. मग तो उठून भिंतीला टेकला.

"मेडिकल कधी हाय?" त्याने विचारलं.

"गुरुवारी."

उमरठहून श्रुतिका आली. पोर कडेवर, पायात घरातल्याच चपला. आत नवऱ्याला बघून आली आणि थेट हर्षदपुढे उभी राहिली. "भावोजी, तुम्ही जवळ होतात ना? मग दोरी कापायला एवढा उशीर कसा ओ झाला?"

"बोट हलत होती गो वहिनी," हर्षद म्हणाला. "सुरी त्याच्याच हाताला लागेल म्हणून भ्यालो."

तिने डोळे पुसले आणि मान हलवली. "ते पण खरंच. तुम्ही होतात म्हणून दोन बोटांवर निभावलं. नायतर हात गेला असता." तिने पोरीला त्याच्याकडे दिलं आणि औषधं आणायला गेली. पोर त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत राहिली.

ओमला विनीतनेच सगळं सांगितलं. दोन जागा, दोन नावं, गुरुवार. हर्षद पोरीला घेऊन दारातच उभा होता. ओमने पट्टीत गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं.

"हर्षद, आत ये ना रे. असा काय चोरासारखा उभा हायस?"

हर्षद आत गेला.

"तू का थांबलास ते कळलं मला," ओम हळू आवाजात म्हणाला. "माझा मासा जाऊ नये म्हणून. विन्या बोलला ना, मोठा मासा त्याची नोकरी. येड्या, तू ते खरं धरलंस. स्वतःची सोडून माझी बघत बसलास." त्याचे डोळे भरून आले. "असा दोस्त कोणाला मिळतो रे?"

बोल, हर्षद स्वतःला म्हणाला. आता तरी बोल. विनीत बघत होता, पोर बघत होती. त्याने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

ओमने डाव्या हाताने उशीखालचं पाकीट चाचपडलं, दातांनी उघडलं आणि पाचशेची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. "माझं तर गेलं. तुझं तरी झालं. मालोजींकडे रिकाम्या हाताने जाऊ नको. पेढे घेऊन जा. माझ्याकडनं."

पोरीला श्रुतिकाकडे देऊन हर्षद बाजारपेठेत गेला. मिठाईच्या दुकानात गर्दी होती, तो रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला.

"एक किलो पेढे," तो म्हणाला.

"काय खुशखबर?" दुकानदाराने विचारलं.

"नोकरी लागली," हर्षद म्हणाला, आणि डबा घेऊन वरंधच्या रस्त्याला लागला.