नऊ इंचांची भिंत

माळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या साईनाथने होल पाडायचं मशीन मागच्या भिंतीला टेकवलं आणि बटण दाबण्याआधी एकदा खाली दाराकडे बघून घेतलं. दाराला आतून कडी होती. मुलगी, संचिता, विठ्ठलवाडीला तिच्या घरी होती आणि चारच्या आत यायची नव्हती. आत्ता कुठे साडेअकरा झाले होते. तरीही स्वतःच्याच घरात चोरी करायला बसल्यासारखं त्याला वाटत होतं.

मशीन घरघरलं. मशीनला सोडलेल्या पाण्याने विटेचा लाल चिखल भिंतीवरून ओघळून खाली ओट्यावर टपटपायला लागला.

गेली बावीस वर्षं साईनाथ लोकांच्या स्वयंपाकघरात चिमण्या बसवत होता. ठाण्यात, कल्याणात, इथे डोंबिवलीत. टिटवाळ्याच्या नव्या इमारतींत बिल्डरच भिंतीला गोल होल ठेवून देतो, तिथे नुसता पाईप जोडायचा असतो. जुन्या इमारतींत भिंत फोडावी लागते. त्याने किती भिंती फोडल्या असतील याची मोजदाद नव्हती. ही एक राहिली होती. नऊ इंचांची, पलीकडे दोन इमारतींमधली बोळ. तासाभराचंही काम नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी त्याने घरी चिमणी आणली ती रतनच्या डब्यांसाठी. रतन अकरा जणांचे डबे करायची. सकाळी सहापासून कढई चढलेली असायची. त्या रविवारी चिमणी भिंतीवर चढली, पण होल पाडायचं मशीन वागळे इस्टेटला एका कामावर अडकलं होतं. म्हणून त्याने पाईप तात्पुरता वर माळ्यात सोडून दिला. म्हटलं, पुढच्या रविवारी काढू बाहेर. दोन दिवसांनी रतनचा भाऊ आणि वहिनी आले. रतनने हौसेने चिमणी लावून दाखवली आणि त्यांच्यासमोरच विचारलं, “अहो, धूर थेट बाहेर जातो ना?”

“हो,” साईनाथ म्हणाला.

मेव्हणा मान वर करून चिमणीकडे बघत होता. रतन मेव्हण्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या वेळी दुसरं काही बोलणं त्याला जमलं नाही. पुढचा रविवार आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेला. मग पावसाळा आला, मग दिवाळीचा सीझन. आणि एकदा ‘हो’ म्हटल्यावर घरात मशीन आणून भिंत फोडायची, तर ती कशासाठी, हेही सांगावं लागलं असतं.

रतनच्या छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, “स्वयंपाकघरात धूर फार असतो का?” साईनाथ पटकन म्हणाला होता, “नाही डॉक्टर, चिमणी आहे.” रतन शेजारच्या खुर्चीत बसली होती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं.

तिला जाऊन नऊ महिने झाले होते. तेराव्याला आलेल्या बायकांना संचिता सांगत होती, “निदान धुराचं तरी नव्हतं हो. बाबांनी कधीच चिमणी बसवून दिलेली.” तेव्हा तो उठून गॅलरीत गेला होता. आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, “बाबा, आईचे डबे मी पुढे चालवणार. तुमच्याच किचनमध्ये, गोदामावशी आहे मदतीला. सोमवारपासून. तुम्ही फक्त आईच्या चिमणीची सर्व्हिसिंग करून ठेवा.”

आज शनिवार होता.

सकाळी चिमणी खोलली तेव्हा त्याला एक गोष्ट कळली नव्हती. डब्यांचं स्वयंपाकघर, पाच वर्षांहून जास्त. आतल्या पंख्यावर डांबरासारखा थर असायला हवा होता. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर घालूनही सुटत नाही असा. रतन जाळ्या स्वतः धुवायची, त्याला हात लावू द्यायची नाही. “दिवसभर तेच करता, घरी तरी नको,” म्हणायची. पण जाळ्यांमागचा पंखा तिला खोलता येणं शक्य नव्हतं. तो पंखा जेमतेम वर्षभर चालल्यासारखा होता. साईनाथने त्याच्या पात्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पंखा बाजूला ठेवून दिला.

भिंतीचा गोल तुकडा निघाला. बोळीतला उजेड माळ्यावर पडला, आणि त्याच वेळी दारावर थापा पडल्या.

“भावोजी! भिंत पाडताय की इमारत? माझा देव्हाऱ्यातला गणपती जागचा हलला!”

शेजारच्या गोदाताई होत्या. रतनच्या डब्यांच्या पोळ्या त्याच लाटायच्या. साईनाथने खाली उतरून कडी काढली.

“काही नाही, गोदाताई. सर्व्हिसिंग.”

“सर्व्हिसिंगला एवढा चिखल?” त्या आत आल्या. ओट्याकडे बघितलं, मग वर माळ्यात. गोल उजेडाकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि स्टूल ओढून बसल्या. “काढलात म्हणायचा एकदाचा बाहेर.”

साईनाथच्या हातात फडकं होतं. ते हातातच राहिलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“रतननेच दाखवलं. चिमणी लावली त्याच दिवाळीला. चकल्यांसाठी मोठी परात काढायला माळ्यावर चढली, तर परात ही चिकट! मला हाक मारली, गोदा, वर ये, गंमत दाखवते.”

“गंमत म्हणाली?”

“हसत होती ना. मग रडली थोडी. मग चकल्या केल्या आम्ही.”

बोळीतून पलीकडच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी आता अगदी घरात झाल्यासारखी ऐकू आली.

“मला का नाही बोलली?”

“मी तेच म्हटलं. म्हटलं, आल्या आल्या उभं करून विचार त्यांना. तर म्हणते, नको गं. भावासमोर हो म्हणून बसलेत, आता त्यांनाच सुटता येत नाहीये त्यातून. काढतील एक दिवस आपणहून.” गोदाताईंनी पदराने मांडीवरची धूळ झटकली. “मी दर वर्षी विचारायचे तिला, काढला का गं? की म्हणायची, या वर्षी काढतील.”

साईनाथने ओटा पुसायला घेतला. चिखल पुसण्याऐवजी पसरत गेला.

“पण ती लावायची ना चिमणी,” तो म्हणाला. “मी घरी यायचो तेव्हा चालूच असायची.”

गोदाताईंनी चिमणीच्या बटणाकडे बघितलं.

“तुमची स्कूटर खाली वाजली की बटण दाबायची,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवून बाहेरच्या खोलीत गेलात की बंद. माळ्यावरची भांडी कशाला खराब करायची, म्हणायची. एरवी आपली खिडकी.”

खिडकी पॅसेजात उघडणारी होती. तीन फळ्यांची. साईनाथने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा ओट्याकडे.

“गोदाताई, धुरानेच झालं का तिला?”

“ते मला काय विचारता, भावोजी? मीही त्याच धुरात उभी होते. मला काही झालं नाही. आणि तिला झालं.”

त्यानंतर त्याने काम पुरं केलं. पाईप होलातून बाहेर काढला, कडेने सिमेंट भरलं, बाहेरच्या तोंडाला जाळी बसवली, म्हणजे कबुतरं शिरायला नकोत. पंखा पुसून परत चढवला. बटण दाबून जाळीखाली वर्तमानपत्राचा कागद धरला. तो झटकन वर ओढला जाऊन चिकटला. गोदाताई म्हणाल्या, “कागदाचं काय खरं? मिरची टाका.” त्यांनीच कढईत तेल तापवून दोन सुक्या मिरच्या टाकल्या. धूर उठला आणि सरळ वर गेला. घरात कुणालाही ठसका लागला नाही. थोड्या वेळाने बोळीपलीकडून एका बाईने खोकत ओरडून विचारलं, “कोण आहे रे तिकडे? मारता का आम्हाला?”

गोदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. साईनाथही हसणार होता, पण त्याने वळून चिमणी बंद केली.

निघताना त्या दारात थांबल्या.

“पोरीला सांगू नका. सर्व्हिसिंग झाली म्हणा. रतनने झाकलं एवढी वर्षं, ते तुम्ही कशाला उघडं करता? बापाबद्दल तिच्या मनात चांगलं आहे ते राहू द्या.”

साईनाथने मान हलवली. ती हो होती की नाही, ते गोदाताईंना कळलं नसावं.

त्या गेल्यावर त्याने लादी पुसली, मशीन पोत्यात गुंडाळलं. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चहाचं आधण ठेवलं. सर्व्हिसिंग झाली, एवढंच म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. पंखा पुसला होता, जाळ्या धुतल्या होत्या. सोमवारपासून धूर बाहेर जाणार होता आणि संचिताला कधी काही कळायचं कारण नव्हतं.

चारला जिन्यात चपला वाजल्या. दोन-दोन पायऱ्या चढत येणं संचिताचंच. साईनाथचा हात आपोआप उठला आणि बोट चिमणीच्या बटणावर जाऊन टेकलं. तो तसाच उभा राहिला. वरच्या वळणावर पावलं वाजली, मग दाराशी. त्याने बोट काढून घेतलं. चहा उतू जायला आला होता, गॅस बंद केला.

“काय हो बाबा, झाली का?” संचिता आत येता येता म्हणाली. पिशवी ठेवून तिने वर बघितलं. पाईपभोवतीचं सिमेंट अजून ओलं होतं. “हे काय? भिंत का फोडली?”

“बस.”

“बसते. आधी चिमणी लावून तर दाखवा.”

“लावतो,” साईनाथ म्हणाला. स्टूल त्याने तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः समोर लादीवर बसला. “आधी ऐकून घे. मग तूच लाव.”