झेंड्याची चक्री

अलाबामातल्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेच्या पार्किंगचं तापलेलं डांबर बुटांतूनही चावतं. सकाळपासून शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून माझे पाय भरून आले होते, आणि आता बँडपुढे नाचणाऱ्या पोरींना झेंड्याची चक्री शिकवायची होती. उजव्या हातानं दांडा खाली ढकलायचा, डाव्यानं झेलायचा, चौथ्या ठोक्याला उभा धरायचा. एवढंच. पण सगळ्यांनी एकदम.

शुक्रवारच्या सामन्यात मध्यंतराला बँडबरोबर मैदानावर कोण उतरणार, ते आज ठरायचं होतं. बाकीच्यांनी कडेला पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. केझायाचं गेलं अख्खं वर्ष त्या बाटल्यांपाशीच गेलं होतं. मी मोठ्यानं एक ते चार मोजू लागले.

"केझाया, तिसऱ्याच ठोक्याला झेंडा वर कुठं निघाला?"

"मिस अर्नेस्टिन, तुमचा आवाज चढला ना!"

खरंच होतं. ती आमच्याच चर्चमधली. रविवारी पाळक बोलता बोलता गाऊ लागले, त्यांचा स्वर वर गेला, की ही झेंडा घेऊन उठते आणि मंडळींचे डोळे भरून येतात. माझेही येतात. पाळकांचा तो स्वर ऐकतच मी म्हातारी झाले. दमले की माझे आकडेसुद्धा त्याच चालीवर चढतात.

"अगं, हे चर्च नाही," शेजारची डेल्फीन खिदळली. "इथं कुणी आमेन म्हणणार नाहीये."

"तू म्हण की. तेवढीच देवाला तुझी आठवण येईल."

मी सपाट आवाजात मोजून पाहिलं. दुसऱ्याच फेरीला सूर पुन्हा चढला आणि पोरीचा झेंडाही. शेवटी पालथ्या बादलीवर बसले.

"आता मी मोजणारच नाही. झेंड्यांची कापडं ऐका. फट् असा एकच आवाज यायला हवा."

पहिल्यांदा केझायाचं फट् आधी वाजलं. मग दांडा निसटून तिच्या खांद्यावर बसला. तिनं ओठ चावला, दांडा उचलला.

"घाई कसली गं?" डेल्फीन हळूच म्हणाली. "माझ्याबरोबर श्वास घे."

केझायानं माझ्याकडं बघणं सोडलं. डोळे मिटले. दांडे खाली गेले, वर आले. फट्.

सबंध रांगेचं मिळून एकच.

"मिस अर्नेस्टिन... शुक्रवारी?"

"मैदानावर," मी म्हटलं. "पण आधी पुन्हा करून दाखवा."

पोरी कुरकुरल्या. केझाया मात्र कुरकुरली नाही. तिनं दांडा केव्हाच उभा धरला होता.