चार किलोचा गोळा आणि अक्षदाचा खांदा

“मेला, आज लईच जड लागतोय!” अक्षदा पुटपुटली. मी तिच्या मानेलाच टेकलेला, म्हणून मला तेवढं ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गोळा आहे. वजन चार किलो. कालही चार होतं, आजही चारच. ओतशाळेत जन्मलो आणि अवसरी बुद्रुकच्या शाळेत आलो. स्पर्धा होत्या तोवर मला तेल लागे. पुढं कित्येक वर्षं, खेळाच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी त्याला टेकून पडलो होतो. सोपान सरांनी पोलीस भरतीच्या सरावासाठी मला बाहेर काढलं, तेव्हा अर्धा गंजलो होतो.

अक्षदा मला सहज सहा मीटरच्या रेघेपलीकडं टाकायची. मग तिच्या वडिलांनी, दादाभाऊंनी, कौतुकानं स्टँडवर फ्लेक्स लावला: ‘भावी पोलीस’. भरती अजून महिनाभर लांब, आणि वयामुळं तिची ही शेवटचीच. येता-जाता जो तो विचारी, “काय मॅडम, पेढे कधी?”

तेव्हापासून फेकीच्या आधीच काहीतरी बिघडू लागलं. खांदा कानाला भिडायचा. दात आवळलेले, श्वास कोंडलेला, सगळा भार टाचांवर. हात हलायच्या आधीच अंग मागं सरायचं, आणि मी पाच मीटरवर धप्प!

“खांदा खाली घे,” सर म्हणत. तिची आई मंगल रोज खांद्याला तेल चोळी. सगळे त्या खांद्यालाच धरून बसले. खरं दुखणं कुठं आहे ते मला कळत होतं, पण गोळ्याला कोण विचारतो?

मित्रांनो, मला गंज चढला तर जरूर पुसा. आणि ज्या मानेला मी टेकतो, तिच्या मालकिणीलाही कधी विचारा, बरी आहेस का म्हणून.

मग एक दिवस दादाभाऊ स्वतः मैदानात आले. “हां, टाका मॅडम!” म्हणाले. अक्षदानं मला मानेला लावलं. खांदा वर गेला. पण ती फेकेचना. मला खाली घेऊन तिनं पोटाशी धरलं.

“दादा, नाय झाले भरती, तर?” बोलता बोलता तिचा कोंडलेला श्वास सुटला, तो माझ्या अंगावर आला.

सर रेघेकडं बघू लागले. दादाभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“तर नाय झालीस, बाय.”